तिसऱ्या कॅपवरचे चार ठिपके

लोकांना वाटतं, मिस्त्री म्हणजे गाडीखाली झोपलेला माणूस, ज्याचे फक्त पाय दिसतात. मी जन्मभर इंजिनाचं काम केलं आणि ते सगळं टेबलावर, ताठ उभं राहून. म्हणून माझी पाठ अजून धड आहे आणि गुडघे गेलेत. नेवासा फाट्यावरचं माझं शेड आता पुतण्या बघतो. मी सकाळी तिथं जाऊन त्याच्या चुका काढतो. तो मला चहा पाजतो आणि 'काका, ऊन व्हायच्या आत घरी जावा' म्हणतो. म्हणजे काय ते समजायचं.

या अंकासाठी लिहा म्हणून जे माझ्या मागे लागले ते म्हणाले, 'गमतीजमती येऊ द्या.' गमती काय, ढीगभर आहेत. एका पैलवानानं नव्या इंजिनाला दृष्ट लागू नये म्हणून ऑइलच्या भोकातून आत लिंबू सोडलं होतं. एकाच्या टाकीतून मी मूठ-मूठ करून साखर काढली, ती भावकीची भेट होती. पण कागद पुढं घेतला की या सगळ्यांना बाजूला सारून एकच इंजिन समोर येऊन बसतं. ते बांधताना मी एका बाईचा गुन्हेगार झालो. तेवढंच सांगतो आणि मोकळा होतो.

आधी कामाचं थोडं सांगायला लागेल. जुनं इंजिन अख्खं मिळालं तर प्रश्न नसतो. पण काही गाड्या इतक्या जुन्या की त्यांची इंजिनं कुठं मिळत नाहीत. मग ब्लॉक एका भंगारातून आणायचा, हेड दुसरीकडून, क्रँक तिसरीकडून. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. त्यात चार पिस्टन खालीवर होतात. प्रत्येक पिस्टनला खाली एक दांडा असतो, तो रॉड. चार रॉड मिळून ज्याला गरगर फिरवतात तो क्रँक, आणि वरून जे जाड झाकण बसतं ते हेड. हे सगळे भाग वेगवेगळ्या गाड्यांत झिजलेले असतात आणि प्रत्येकाची झीज निराळी. एकत्र आणले की आठ-आठ दिवस भांडतात. कुठं घासा, कुठं फटीत पातळ पत्री घाला, कुठं परत खोला. माझी सगळी हुशारी या भांडणात मध्यस्थी करण्याची होती. त्यात मी बरा होतो, असं माझे शत्रूसुद्धा म्हणतील.

आमच्यात एक रीत आहे. भाग घेताना तो कुठल्या गाडीचा हे विचारायचं नाही. भंगारवाला सांगत नाही, आपण विचारत नाही. कुठल्या गाडीखाली कोण गेलं, कुठल्या गाडीत कोण गेलं, हे कळून घ्यायला लागलो तर हातातला पाना खाली पडेल.

दुसरी रीत ठिपक्यांची. क्रँक ब्लॉकमध्ये धरून ठेवायला लोखंडाच्या पाच कॅपा असतात. एकीची जागा दुसरीला चालत नाही. म्हणून इंजिन उघडलं की आम्ही पंचनं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं, त्यांच्यावर ठिपके मारतो. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, असं पाचपर्यंत. रॉडवरही तसंच. प्रत्येक मिस्त्रीचा हात वेगळा. माझे ठिपके डावीकडं कलतात आणि कधी सरळ रेषेत येत नाहीत. माझ्या उस्तादांनी यावरून मला पुष्कळ शिव्या घातल्या, पण हात सुधारला नाही.

आता रावसाहेब. नेवासा-शेवगाव काळी-पिवळी जीप चालवायचा. नावाला साहेब, पायात शिवलेली चप्पल आणि तोंडाची टकळी सतत चालू. त्याचं इंजिन एकदा बसलं, तेव्हा मी ते पूर्ण खोलून बांधलं. मी ठिपके मारतोय आणि हा शेजारी स्टुलावर बसून गोष्ट सांगतोय. एका म्हातारीनं कोंबडा पदराखाली लपवून जीपमध्ये आणला आणि तो ऐन पोलिसापुढं आरवला. मला हसू फुटलं आणि हातोडी एकदा जास्त पडली. तिसऱ्या कॅपवर तीनच्या जागी चार ठिपके! लोखंडावरचा ठिपका पुसता येत नाही. मी छिन्नीनं चौथ्यावर आडवी रेघ ओढली.

"मिस्त्री, तुमी शाळंत बी असंच खोडत हुता काय?" रावसाहेब म्हणाला.

ते इंजिन झकास चाललं, पण त्यात एक खोड राहिली. गाडी उभी असताना चालू ठेवली की काही ठोक्यांनंतर एक ठोका अडखळायचा. उचकी लागल्यासारखा. मला वाटायचं डिझेलच्या पंपाचा दोष आहे. मी पंप खोलतो म्हटलं तर हा खोलू देईना. "ऱ्हाऊ द्या हो. मंदा घरी आठवन काढती, म्हनून गाडीला उचकी लागती."

मंदा त्याची बायको. मी तिला वहिनी म्हणायचो. संध्याकाळी कालव्याच्या वळणावर ही उचकी ऐकू आली की ती तव्यावर भाकरी टाकायची. गाडी दारात येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. हे मला रावसाहेबानं इतक्या वेळा सांगितलंय की मी ती भाकरी न खाताच तिची चव सांगू शकेन.

एका पावसाळ्यात रावसाहेब गेला तो परत आला नाही. शेवटचा पॅसेंजर त्यानं शेवगावच्या पलीकडं, धरणाच्या फुगवट्याजवळच्या एका वस्तीवर सोडला. त्या पॅसेंजरनं गाडी वळताना पाहिली. त्यानंतर ना माणूस दिसला ना जीप. तक्रार झाली, पोलीस फिरले. पण धरण तुडुंब होतं. पाण्यात काय शोधणार? महिना झाला आणि गावाला उत्तर सापडलं. रावसाहेब पळाला. ऊसतोडीला जाणारी कुणी बाई त्याच्या गाडीनं जायची, तिला घेऊन पळाला. त्या बाईचं नावसुद्धा लोकांनी ठरवून टाकलं. खरं तर ती बाई आपल्या नवऱ्याबरोबर दरवर्षी तोडीला जाते आणि चैतात परत येते. पण ते बघायला सवड कुणाला होती? मंदा वहिनी विहिरीवर गेली की बाया बोलायच्या थांबायच्या. सासरच्यांनी तिलाच बोल लावला, की हिच्याच तोंडाला कंटाळून गेला.

वहिनीनं कुंकू काढलं नाही. दर बाजारच्या दिवशी ती अंडी घेऊन फाट्यावर यायची आणि परत जाताना शेडच्या दारात टेकायची. मी फाट्यावरून जाणारी गाडी न बघता, नुसत्या आवाजावरून कुणाची ते सांगतो, अशी माझी ख्याती होती. ती पसरवली मीच. तांब्याभर पाणी पिऊन झालं की ती विचारायची,

"भाऊ, आवाज आला का हो कुठं?"

"न्हाई वहिनी."

की ती उठून चालायला लागायची. एवढंच. चार वर्षं हेच चाललं. पुढं पुढं मला बाजारचा दिवस नकोसा व्हायला लागला. मी मुद्दाम कॉम्प्रेसर लावून ठेवायचो, म्हणजे बोलणं नको. ती कॉम्प्रेसर बंद होईपर्यंत थांबायची.

अशात पारनेरकडचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडं आले. त्यांच्या वडिलांची जीप गोठ्याशेजारी पडून होती आणि तिच्यात इंजिनच नव्हतं. ती एकदा चालू झालेली बघायची, एवढी त्यांची इच्छा. माणूस देवभोळा नव्हता, पण अट मात्र विचित्र घातली.

"मिस्त्री, ज्या गाडीत माणूस दगावला असेल तिचा एकही भाग मला चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या. मला खोटं सांगू नका."

मी मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा मी भंगारात जाऊन 'हा कुणाचा' असं विचारणार होतो.

ब्लॉक शेवगावच्या पुढं एका भंगारवाल्याकडं मिळाला. मला दुसराच पसंत होता, पण तो उचलायला गेलो तर खालून उभा चिरलेला. मागं हाच होता. इंजिनाचा नंबर घासून काढलेला. त्यात नवल काही नाही, भंगारात निम्म्यांचा काढलेला असतो. मी विचारलं. भंगारवाला माझ्याकडं बघतच राहिला.

"मिस्त्री, तुमी कवापासून आसं इचाराय लागले?"

"गिऱ्हाइकाची अट हाय. सांग."

"शेतातली जीप हुती. मानूसबिनूस काय न्हाई बघा. न्या बिनघोर."

क्रँक नगरच्या भंगार बाजारात. क्रँक घ्यायचा तर तो तारेनं टांगून हातोडीनं हलकेच वाजवायचा. चीर असेल तर बद्द आवाज येतो, चांगला असेल तर घंटेसारखा वाजतो. हा वाजला. वाजतच राहिला. मी हातोडी खाली ठेवली, खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला, तरी त्याचा नाद चालू. दुकानदारानं शेवटी हात लावून तो थांबवला आणि हात पँटला पुसला. "घेऊन जावा," म्हणाला, "हे असलं मी बी पयल्यांदाच ऐकतोय."

हेड पारनेरात एका गॅरेजवाल्याकडं होतं. त्यानं ते ताडपत्री उडू नये म्हणून वर ठेवलेलं. "दोघं जन घेऊन गेल्ते," तो म्हणाला, "दोघांनी बी माघारी आनून टाकलं. म्हनं, कुठल्याच ब्लॉकवर बसत न्हाई." मी मनात म्हटलं, मिस्त्री लोकांना मापं घेता येत नसतील. आणि रॉड? रॉड मी शोधलेच नाहीत. एक हातगाडीवाला शेडवर आला, तारेत बांधलेले चार रॉड माझ्या पायाशी टाकले आणि म्हणाला, "हे तुमाला लागत्याल." मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. फाट्यावर बातमी पसरते, त्यानं कुठंतरी ऐकलं असेल. असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो.

आठवडाभरानं सगळे भाग धुवायला काढले. दुपारची वेळ, रस्ता उन्हानं ओस पडलेला. ब्लॉकच्या आत पाणी खेळायला जागा असते. तिच्यात नळी लावली तर पांढरट गाळ वाहायला लागला. थांबेच ना. गाळाबरोबर नखाएवढ्या शंखुल्या बाहेर पडल्या. मी एक उचलून बोटावर घेतली. शेतातल्या जीपमध्ये शंखुल्या?

मग ब्लॉकच्या कॅपा खोलल्या आणि घासायला घेतल्या. पहिलीवर एक ठिपका. दुसरीवर दोन. डावीकडं कललेले. कुणाचा तरी हात माझ्यासारखा दिसतोय, असं वाटून मी हसलोसुद्धा. मग तिसरी पुसली.

चार ठिपके, आणि चौथ्यावर आडवी रेघ.

मी ती कॅप खाली ठेवली. लांब जाऊन नळावर तोंड धुतलं. परत आलो तरी रेघ होतीच. मग मी रॉड घेतले, त्यांच्यावरची काळी किटणं खरवडली. माझे ठिपके. हेडच्या कोपऱ्यावर मी छिन्नीची एक खूण करतो, ती होती. क्रँक मी त्या वेळी ज्या मापाला घासला होता, नेमक्या त्याच मापाला होता. नगर, पारनेर, शेवगाव, आणि दारात आलेला हातगाडीवाला. चार ठिकाणांहून, चार माणसांकडून, एकच इंजिन माझ्याकडं चालत आलं होतं. मी बांधलेलं. अंगावर काटा आला म्हणतात तो हातावर येतो असं मला वाटायचं. तो मानेवर, केसांच्या मुळात येतो.

तरीही मी म्हटलं, रावसाहेबानं गाडी विकली असेल. पळून जाणारा माणूस गाडी विकतोच की. असं म्हणत मी रॉड तपासायला घेतले. रॉडच्या दोन्ही टोकांना भोकं असतात. दोन्हींत सरळ सळ्या घातल्या की त्या एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. तीन रॉड सरळ होते. एक वाकलेला.

हे नीट समजून घ्या. पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दबते. पाणी दबत नाही. चालू इंजिनानं पाणी गिळलं तर पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि मधला रॉड वाकतो. बंद इंजिन दहा वर्षं पाण्यात राहिलं तर गंजेल, पण त्याचा रॉड वाकणार नाही. म्हणजे ही जीप पाण्यात गेली तेव्हा चालू होती. चालवणारा आत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या शेवगावकडच्या भंगारवाल्याची कॉलर धरली. हो, धरली. तेव्हा तो खरं बोलला. धरण आटलं त्या उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करायला उतरले, तेव्हा कुळवाला जीपचा टप अडकला. गावातल्या दोघांनी साखळी लावून इंजिन तेवढं उपसलं, पोलिसांच्या भीतीनं नंबर घासला आणि खोलून जिकडं जमेल तिकडं विकलं. "आत गाळच गाळ हुता, मिस्त्री. आमी खाली बघितलंच न्हाई. बघायचं धाडस झालं न्हाई कुनाला." पुढच्या पावसात वर परत पाणी चढलं.

आता माझं काम काय होतं? सरळ होतं. वहिनीकडं जायचं आणि सांगायचं, तो पळाला नाही. मी मोटरसायकल काढली, कालव्याच्या वळणापर्यंत गेलो आणि तिथून परत आलो. काय सांगू? तुझा नवरा मेला हे सांगायची हिंमत नव्हती, हे खरं. पण अर्धं खरं. उरलेलं अर्धं लिहायला मला लाज वाटते. मला ते इंजिन ऐकायचं होतं. मेलेल्या माणसाचं इंजिन चार दिशांनी माझ्या हातात परत आलंय, ते चालू केलं तर कसं वाजेल, याची मला भूक लागली होती. मी स्वतःला म्हटलं, आवाज ऐकून खात्री करून घेऊ आणि मगच सांगू. खात्री कसली कपाळाची! ठिपके माझे होते, खात्री त्याच दिवशी झाली होती.

आणि ते इंजिन बांधलं जाताना भांडलंच नाही. जिथं आठ दिवस लागतात तिथं एक दुपार. कॅपा हातानं बसल्या. दोघांनी परत आणून टाकलेलं ते हेड मी ब्लॉकवर ठेवलं आणि ते अलगद खाली उतरलं, जसं काही कधी उठलंच नव्हतं. मला काही करायला शिल्लक नव्हतं. मी नुसते नट आवळत होतो. वाकलेल्या रॉडच्या जागी दुसरा घातला, आणि पंप नवा आणला, कारण जुना कुठं गेला देव जाणे. गुरुजींचा फोन आला. "चौकशी केलीत ना मिस्त्री?" "केली गुरुजी." चौकशी केलीच होती की. खोटं ते त्याच्या पुढंच होतं, आणि ते मी बोललो नाही, गिळलं.

चालू करायच्या दिवशी गुरुजी पेढे घेऊन आले. बाजारचा दिवस होता. माझ्या ध्यानात नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते मलाही नक्की सांगता येत नाही.

गाडीत बसवायच्या आधी इंजिन लोखंडी घोडीवर कसून चालवून बघतात. वर खिळ्याला डिझेलची बाटली टांगायची, पाण्याची नळी लावायची, बॅटरी जोडायची. मी बटण दाबलं. दुसऱ्या फेरीलाच घेतलं त्यानं. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. गोल, भरदार आवाज. मी मोजत होतो. नवा पंप आहे, एक रॉड दुसरा आहे, सगळ्या झडपा नव्या आहेत. उचकी यायचं काही कारणच नव्हतं. मी स्वतःला हे तिसऱ्यांदा सांगत होतो तेवढ्यात ती आली.

एक ठोका अडखळला. मग परत. पूर्वी जितक्या अंतरानं यायची तितक्याच अंतरानं.

गुरुजी मोठ्यानं काहीतरी विचारत होते, माझं लक्ष नव्हतं. मी बंद करायच्या दांडीकडं हात नेला आणि दारात अंधार झाला म्हणून मान वळवली. मंदा वहिनी. धापा टाकत, पदर खांद्यावरून सुटलेला, पायात चप्पल नाही. बाजारातून पळत आली होती. तिचं तोंड मी त्याआधी आणि त्यानंतर तसं कधी पाहिलं नाही. चार वर्षांचं वय पुसून गेलेलं तोंड.

"आले का हो?" ती म्हणाली.

तिनं शेडमध्ये सगळीकडं बघितलं. माझ्या मागं, टेबलामागं, पडद्याआड. मग रस्त्यावर जीप दिसते का ते बघितलं. मग घोडीवरच्या त्या लोखंडाकडं. चाकं नाहीत, टप नाही, माणूस नाही, आणि आवाज तर त्याचाच.

"गाडी कुठंय?"

मी दांडी ओढणार तर तिनं माझा हात धरला. "बंद नका करू."

मग मला ते तिच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून. अशी गोष्ट माणसानं माणसाला हळू सांगावी, तिचा हात हातात घेऊन सांगावी, कुणीतरी बाई जवळ असताना सांगावी. मी ती बाजारात भाव ओरडावा तशी ओरडलो. "वहिनी, रावसाहेब पान्यात गेले! जीप धरनात सापडली!" गुरुजींच्या हातातला पेढ्याचा पुडा तसाच राहिला. त्यांनाही ते तेव्हाच कळलं.

ती इंजिनाकडं बघत होती. मग माझ्या कानाशी तोंड आणून तिनं विचारलं,

"चालू हुती का?"

"व्हय. चालू हुती. रॉड वाकलाय."

"म्हंजी पळाले न्हाईत."

"न्हाई वहिनी! एकटेच हुते! माघारी यायला गाडी वळवली हुती!"

"तुमाला कवा कळलं?"

मी सांगितलं. नऊ दिवस झाले होते. खोटं बोलायला तोंडच उघडेना. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घोडीशेजारी जमिनीवर, ऑइलच्या डागांत, ती मांडी घालून बसली.

पुढचं आधीच सांगून टाकतो. मी तिच्याबरोबर पोलिसांत गेलो आणि सगळं लिहून दिलं, भंगारवाल्यानंही दिलं. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर खणलं तेव्हा चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मिळाली, आणि आणखी जे थोडं मिळायचं ते मिळालं. नेवाशाला प्रवरेच्या काठी त्याचं सगळं रीतसर झालं. सासरचे आले होते, माना खाली घालून. विहिरीवरच्या बाया आता वहिनीशी बोलतात, तीच त्यांच्याशी बोलत नाही. माझ्याशी बोलते. पण शेडच्या दारात ती परत कधी टेकली नाही, आणि तो नऊ दिवसांचा हिशेब तिनं मागितला नाही म्हणून माझ्याकडून फिटला नाही. इंजिन गुरुजींनी नेलं का, असं सगळे विचारतात. नेलं. वहिनीनंच न्यायला सांगितलं. ते पारनेरकडं चालू आहे आणि मी त्या रस्त्यानं जात नाही.

पण मला तो दिवस सांगायचा होता. वहिनी खाली बसलेली आणि इंजिन चाललेलं. घोडीवरची बाटली लहान असते. ठोक्यांचा जोर कमी व्हायला लागला तसं मी वर बघितलं, तळाला बोटभर राहिलं होतं. वहिनीला ते माहीत असायचं कारण नव्हतं. पण तिनंही मान वर केली. मी कॅन उचलला आणि बाटली भरली. आवाज परत भरला. उचकी आली. तिनं डोळे मिटले.

किती वेळ गेला कोण जाणे. बाजार उठला, रस्त्यावर गाड्या लागल्या, माणसं दारात येऊन डोकावत होती आणि काय आहे ते न कळताच तिथंच उभी राहत होती. बाटली परत तळाला आली. मी परत कॅन उचलला. तो गुरुजींनी माझ्या हातातून घेतला. मेलेल्या माणसाचा एक नटसुद्धा नको म्हणणारे गुरुजी. त्यांनी धोतराचा सोगा आवरला, टाचा उंच केल्या आणि जपून, एक थेंब न सांडता बाटली काठोकाठ भरली.

तिसऱ्यांदा बाटली उतरली तेव्हा ते आपणहून परत पुढं झाले. वहिनीनं हात वर करून त्यांना थांबवलं. मग तो हात तिनं इंजिनाच्या अंगावर ठेवला. ते चांगलंच तापलेलं होतं, पण तिनं हात काढला नाही.

"पुरे करा आता," ती म्हणाली. "दमले असतील ते."

गुरुजींनी कॅन खाली ठेवला. बाटलीत अजून थोडं डिझेल होतं. ते संपेपर्यंत आम्ही तिघंही तसेच थांबलो.